शिबी राजाचा काटा आणि ससाण्याची बाजू

विट्याच्या एका मुलाने दोन प्रश्न पाठवले आहेत. तो सांगलीत कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने ‘दयाळू राजा’ हा विषय घेतला आहे. पहिला प्रश्न असा, की कबुतरासाठी स्वतःचे मांस कापून देणाऱ्या शिबी राजाची गोष्ट महाभारतातली की जातकातली, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींतली? घरी आजी एक सांगते, होस्टेलवरचा मित्र दुसरे. दुसरा प्रश्न खरा वकिली आहे: राजा दया करत बसला तर राज्य चालायचे कसे? चोराला सोडायचे का?

मी कऱ्हाडला एकतीस वर्षे संस्कृत आणि पाली शिकवले. आता चातुर्मासात आसपासच्या गावांत प्रवचने करते. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मला वर्गातही आले आहेत आणि देवळाच्या पारावरही. पाराचा अनुभव जास्त उपयोगी पडला, हे आधीच सांगते.

पहिल्याचे उत्तर लवकर आटोपते. गोष्ट दोघांची आहे. महाभारतात ती एकदा नाही, तीनदा येते आणि प्रत्येक वेळी राजाचे नाव वेगळे. वनपर्वात लोमश ऋषी तीर्थयात्रेत युधिष्ठिराला सांगतात तेव्हा राजा आहे उशीनर. त्याच पर्वात पुढे त्याचा मुलगा शिबी येतो, आणि अनुशासनपर्वात काशीचा वृषदर्भ. पाली जातकातला शिबी कबुतरासाठी मांस देत नाही, तो आंधळ्या ब्राह्मणाला स्वतःचे डोळे काढून देतो. कबुतराची गोष्ट उत्तरेकडच्या बौद्ध परंपरेत आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आलेल्या चिनी भिक्षू फाहियानाने ती घडल्याची जागासुद्धा लिहून ठेवली आहे. अजिंठ्याला दोन्ही सापडतात: पहिल्या लेण्यात कबुतरवाला शिबी, सतराव्यात डोळे देणारा. परीक्षकांनी विचारले तर एवढे पुरे. ‘मूळ कोणाची’ या वादात शिरू नका. गोष्टी नदीच्या पाण्यासारख्या येतात, त्यांचा सातबारा निघत नाही.

आपल्या भागातल्या माणसाला तर हे अवघड जाऊच नये. सभापर्वात सहदेवाच्या दक्षिणेकडच्या दिग्विजयात ‘करहाटक’ येते, ते आपले कऱ्हाड. तिथे एक मजेशीर तपशील आहे: सहदेवाने हे गाव लढून नव्हे, नुसते दूत पाठवून वश केले आणि कर घेतला. आणि तिकडे मध्य प्रदेशात भरहुतच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर ‘करहकट’ या बाजारपेठेने दिलेल्या दानाचा लेख आहे. तेही कऱ्हाडच. त्याच कठड्यावर जातककथा कोरल्या आहेत. आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तर वाईला लोक विराटनगरी म्हणतात आणि वरच्या किल्ल्याला पांडवगड. इथला माणूस दोन हजार वर्षे दोन्ही गोष्टी ऐकत आला आहे.

आता काटा.

वनपर्वात कबुतर उशीनर राजाच्या मांडीवर येऊन दडते. मागून ससाणा येतो आणि भांडायला लागतो. बहुतेक जण इथे ससाण्याला दोन ओळींत उरकतात, कारण सगळ्यांना राजाच्या त्यागाकडे पोचायची घाई असते. माझ्या मते गोष्ट ससाण्याची आहे. तो म्हणतो, तुला लोक धर्मात्मा म्हणतात, मग माझ्या ताटातले का ओढून घेतोस? मी उपाशी मेलो तर माझी बायकापोरेही मरतील. एकाला वाचवताना तू किती जणांना मारतोयस, मोज. मग तो जे वाक्य टाकतो ते कायद्याच्या विद्यार्थ्याने पाठ करावे: जो धर्म दुसऱ्या धर्माला बाधतो तो धर्मच नव्हे; ज्याचा कोणाशी विरोध येत नाही तो धर्म.

राजा काय करतो? पहिल्यांदा तो स्वतःचे मांस देत नाही. तो म्हणतो, बैल घे, डुक्कर घे, हरीण घे, रेडा घे. म्हणजे कबुतराचा जीव वाचवायला दुसऱ्याच कोणाचा तरी जीव देऊ करतो. ससाणा नाही म्हणतो. ससाण्याने कबुतर खायचे हे ठरलेले आहे, बाकीचे मला नको. राजा राज्य देऊ करतो, तेही नको. शेवटी ससाणा म्हणतो, कबुतरावर एवढा जीव असेल तर तेवढ्याच वजनाचे तुझे मांस दे. मग तराजू येतो. राजा मांडी कापून घालतो, कबुतर जड. आणखी घालतो, तरी जड. अखेर राजा स्वतःच पारड्यात चढून बसतो, आणि मग ससाणा इंद्र निघतो, कबुतर अग्नी निघते.

वाळवा तालुक्यातल्या एका उसाच्या गावात मी हे सांगत होते. पारड्यात मांस चढत गेले तसे मंडळी गप्प होत गेली. पुढच्या रांगेत बसलेले एक आजोबा मात्र मान हलवत होते. इंद्र-अग्नी प्रकट झाल्यावर ते मोठ्याने म्हणाले, “म्हंजी देवानंच काटा मारला म्हणायचं!” सगळा मंडप हसला. मीही हसले. पण रात्री एसटीत बसल्यावर लक्षात आले, की गोष्टीतली मेख त्यांनी बरोबर पकडली होती. काटा मारलेलाच होता. आमच्याकडे ऊस घालणाऱ्या माणसाला काटा मारल्यावर काय होते ते ठाऊक असते: वजनात जी खोट येते ती कोणाच्या तरी अंगावर पडतेच. प्रश्न एवढाच, की कोणाच्या. उशीनराने ती स्वतःच्या अंगावर घेतली. त्याने बैल-रेड्यांना त्यात पुन्हा ओढले नाही, आणि ससाण्याला उपाशीही घालवले नाही.

दयाळू राजा म्हणजे काय, याचे मला जे उत्तर सापडले ते या काट्यावर सापडले. दया फुकट होत नाही. तिची किंमत कोणीतरी भरतोच. ती राजा स्वतः भरत असेल तर दया. दुसऱ्याकडून भरून घेत असेल तर ती उधळपट्टी, नाव काहीही द्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी इथूनच जाणार आहे.

त्याआधी एक कबुली. या मापाने दोन्ही परंपरांतल्या सगळ्याच गोष्टी पास होत नाहीत. जात्यावरच्या ओव्यांतून आलेला चिलया बाळ घ्या. अतिथीचे मन राखायला श्रियाळ राजा आणि चांगुणा पोटच्या पोराला कांडतात. लहानपणी आई हे गाऊ लागली की मी उठून अंगणात जायची. बौद्धांकडे जातकातला राजपुत्र वेस्संतर आहे. दानाच्या व्रतापायी तो आपली दोन लेकरे जूजक नावाच्या ब्राह्मणाला देऊन टाकतो, आणि तो त्यांना वेलीने बांधून मारत नेतो. भाविकांना या गोष्टी फार मोठ्या वाटतात, वाटोत. मला एवढेच दिसते, की इथे पारड्यात मांस दुसऱ्याचे आहे. चिलया बाळाला कोणी विचारले होते?

आता वर्गात मुलांना सर्वांत आवडायची ती निग्रोधमृगाची गोष्ट. काशीचा राजा रोज शिकार करी. हरणांनी ठरवले की पाळीपाळीने एकेकाने जायचे, म्हणजे बाकीचा कळप तरी घाबरून घायाळ होणार नाही. एक दिवस पाळी आली गाभण हरिणीवर. निग्रोध हा हरणांचा राजा. तिला म्हणाला, तू परत जा, आणि स्वतः जाऊन खाटकाच्या ठोकळ्यावर मान ठेवून पडला. काशीराजाला कळल्यावर त्याने निग्रोधाला अभय दिले. निग्रोध उठला नाही. म्हणाला, माझे ठीक, बाकीच्यांचे काय? मग सगळ्या हरणांना अभय. तरी उठला नाही. इतर जनावरे? पक्षी? पाण्यातले मासे? सगळ्यांना अभय मिळाल्यावरच उठला.

लहान मुलांच्या पुस्तकांत गोष्ट इथे संपते. जातकात ती पुढे जाते, आणि मला ती पुढे गेलेली फार आवडते. मारायची बंदी झाल्यावर हरणे शेतात शिरली आणि पिके खाऊ लागली. शेतकरी राजवाड्याच्या अंगणात जमले. राजा म्हणाला, राज्य गेले तरी दिलेला शब्द मी मोडणार नाही. म्हणजे काटा पुन्हा फिरला आणि खोट आली शेतकऱ्याच्या अंगावर. राजाचा शब्द, शेतकऱ्याचे पीक. निग्रोधाच्या कानावर गेले तेव्हा त्याने कळपाला बोलावून बजावले, की यापुढे कोणाच्या पिकाला तोंड लावायचे नाही. आणि शेतकऱ्यांना निरोप धाडला: कुंपण घालत बसू नका, शेताच्या कडेने पाने बांधून खूण करा, आमची माणसे ओळखतील. (तो ‘आमची माणसे’ म्हणत नाही, हे मी सांगताना घालते.)

पाटण तालुक्यात हे सांगितले तर एक बाई ताडकन म्हणाली, “आमच्या गव्यांना पानं कळत न्हाईत हो ताई.” तिचे भाताचे खाचर आदल्या आठवड्यात गव्यांनी तुडवले होते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पण जातक सांगणाऱ्याला ही बाई माहीत होती, एवढे मी म्हणू शकते. अभय देऊन झाल्यावर ते निस्तरायचे कोणी, हा प्रश्न त्याने गोष्टीतच ठेवला.

मग तुमचा वकिली प्रश्न. चोराला सोडायचे का?

रामायणातले दोन प्रसंग आधी. बिभीषण शरण आला तेव्हा सुग्रीव विरोधात होता. रामाने सांगितले, जो एकदा ‘मी तुझा’ म्हणत येतो त्याला मी अभय देतो, हे माझे व्रत; तो बिभीषण असो की खुद्द रावण. हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. दुसरा कमी सांगितला जातो. रावण मेल्याची बातमी घेऊन हनुमान अशोकवनात येतो आणि सीतेला छळणाऱ्या राक्षसींना मारायची परवानगी मागतो. सीता नाही म्हणते. या दासी, राजाच्या हुकुमाने वागल्या. आणि पुढे: ‘न कश्चिन्नापराध्यति’, अपराध न करणारा कोणीच नसतो. लक्ष द्या, ही क्षमा कोण करतेय? जिला छळले ती. रामाने तिच्या वतीने परस्पर केली असती तर मला ती पचली नसती. तुमच्या कायद्यातही गुन्हा कोणाविरुद्ध झाला आणि माफ कोण करतो, यातले अंतर शिकवतात ना? (आणि रामाचे नाव घेतले की कोणीतरी शंबूक काढतो, म्हणजे तप करतो म्हणून रामाने मारलेला शूद्र. काढावाच. उत्तरकांडातला तो प्रसंग या आदर्शाच्या बाजूला बसत नाही, मी तो बसवायचा प्रयत्नही करत नाही.)

शांतिपर्वात भीष्म नुसत्या दयेच्या बाजूने नाहीत. सतत क्षमा करणाऱ्या राजाच्या डोक्यावर क्षुद्र माणूस चढून बसतो, जसा माहूत हत्तीच्या. पण नुसता कडकही नको. राजाने वसंतातल्या सूर्यासारखे असावे, थंडही नाही आणि चटका देणाराही नाही. याच अध्यायात ते म्हणतात, गर्भिणी जशी स्वतःच्या आवडीनिवडी सोडून पोटातल्या जिवाच्या हिताचे करते, तसे राजाने वागावे. पुन्हा तेच, द्यायचे ते स्वतःचे.

आता खास तुमच्यासाठी, द्युमत्सेन आणि सत्यवान यांचा संवाद. हा सावित्रीचाच सत्यवान. वडिलांच्या हुकुमाने माणसे वधाला नेली जाताहेत आणि मुलगा अडवतो. त्याचे म्हणणे असे: एका दरोडेखोराला मारताना तुम्ही त्याच्या आई-वडिलांना, बायकोला, मुलांनाही मारता, आणि त्यांनी काही केलेले नाही. वाईट माणूसही कधी सज्जनाच्या संगतीने सुधारतो, वाईटाच्या पोटी चांगली संतती येते, म्हणून मुळासकट उपटू नका. वडील म्हणतात, पूर्वी लोक मऊ होते, नुसत्या ‘धिक्’ म्हणण्याने भागायचे. मग शब्दांनी खडसावायची वेळ आली, मग दंड वसूल करायची, आता वधाशिवाय चालत नाही. ओळखीचे वाटते ना? चहाच्या टपरीवर रोज ऐकू येते. सत्यवान सांगतो, दुसऱ्याला आवरू पाहणाऱ्या राजाने पहिल्यांदा स्वतःला आवरावे, आणि नंतर आपल्या जवळच्या नातलगांना जबर शिक्षा करावी. भाषणात हे वाक्य टाकाल तर टाळ्या मिळतील, पण टाळ्यांसाठी टाकू नका.

बौद्धांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला: चोर झालाच का? दीघनिकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातल्या कूटदंत सुत्तात महाविजित नावाच्या राजाला मोठा यज्ञ करायचा आहे. पुरोहित म्हणतो, राज्यात लुटालूट चालू आहे, अशात कर वाढवणे चुकीचे. फाशी, तुरुंग, हद्दपारी करून बघाल, तर उरलेले पुन्हा त्रास देतील. त्यापेक्षा शेती आणि गुरे राखणाऱ्यांना बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवेत असलेल्यांना जेवण आणि पगार द्या. राजाने केले, आणि लोक घरांना कड्या न लावता, पोरांना कडेवर नाचवत राहू लागले. यज्ञ झाला तो शेवटी, तूप, तेल, दही, मधावर, एकही जनावर न मारता.

हेच उशिरा केले तर काय होते, ते चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात आहे. तिथला राजा संरक्षण सगळे करतो, फक्त गरिबांना काही देत नाही. दारिद्र्य वाढले, चोरी सुरू झाली. पहिला चोर पकडून आणला. का रे चोरी केलीस? जगता येत नाही. राजाने त्याला पैसे दिले. बातमी पसरली, की चोरी केली की राजा पैसे देतो! चोर वाढले. मग राजा घाबरला आणि पुढच्याचे हात पाठीमागे बांधून, मुंडन करून, कर्कश ढोल वाजवत गल्लोगल्ली फिरवून, दक्षिण दरवाजाबाहेर डोके उडवले. लोकांनी ते पाहिले आणि तेही धारदार तलवारी करायला लागले. मी हे सुत्त दरवर्षी शिकवायची, आणि दरवर्षी कोणीतरी विचारायचे की राजाची चूक पैसे देण्यात होती की डोके उडवण्यात. दोन्हींत नाही. चूक त्याआधीची होती: जे बियाण्याच्या वेळी द्यायचे ते चोराला दिले.

जातकातल्या तेमिय राजपुत्राबद्दल दोन ओळी, कारण कोणी सांगत नाही. मांडीवरच्या तान्ह्या राजपुत्राने बापाला चार चोरांना क्रूर शिक्षा फर्मावताना ऐकले. त्याला आठवले, की मागच्या एका जन्मी आपणही वीस वर्षे राजा होतो आणि त्यापायी नरकात ऐंशी हजार वर्षे काढली. मग त्याने ठरवले, मुके आणि पांगळे व्हायचे, म्हणजे राजा करणार नाहीत. दयाळू राजा होता येते, यावर या गोष्टीचा विश्वासच नाही.

या झाल्या गोष्टी. प्रत्यक्षात कोणी केले का? अशोकाचे नाव तुम्ही घेणारच, तर नीट घ्या. तेराव्या शिलालेखात तो सांगतो, की कलिंगात दीड लाख माणसे उचलून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, आणि याचा त्याला पश्चात्ताप आहे. पण त्याच लेखात रानातल्या लोकांना बजावतो, की पश्चात्ताप झाला तरी शिक्षा करायची ताकद माझ्यात आहे. स्तंभलेखांत मृत्युदंड झालेल्याला तीन दिवसांची मुदत आहे, आणि सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा कैदी सोडल्याची नोंद आहे. फाशी त्याने बंद केली नाही. ‘अशोकाने हिंसा संपवली’ असे म्हणालात तर जाणकार परीक्षक तिथेच गुण कापेल. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची ‘रत्नावली’ जास्त कामाची आहे. ती सातवाहन राजाला उद्देशून लिहिली असे परंपरा मानते, म्हणजे आपल्याकडचाच राजा. त्यात नागार्जुन सांगतो: कैदी तुरुंगात असेपर्यंत त्यांना न्हावी, आंघोळ, अन्नपाणी, औषध, कपडे मिळू देत. अशक्तांना लवकर सोडा. शिक्षा करायची ती नालायक मुलाला वळण लावावे तशी. खुन्यालाही मारू नका, छळू नका, हद्दपार करा. राजाला ‘न्हावी द्या’ असे सांगणारा तत्त्वज्ञ मला फार जवळचा वाटतो.

आणि तुमच्या घरापासून फार लांब नसलेले एक उदाहरण. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ, निघावी म्हणून १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ केले. मी सत्यवानाचा संवाद शिकवला तो याच आवृत्तीतून. १९३९ मध्ये त्यांनी संस्थानात राज्यघटना आणून कारभार लोकांच्या हाती दिला. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याचा या कामात हात होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले गेले, म्हणजे भिंती नसलेला तुरुंग. कैदी तिथे बायकामुलांसह राहायचे आणि शेती करायचे. आटपाडी दुष्काळी, पाणी नाही, जमीन खडकाळ. पळून जायचे ठरवले तर कोण अडवणार होते? ती वसाहत आजही चालू आहे. महाभारत वाचूनच पंतांनी हे केले, असे मी म्हणणार नाही. पण सत्यवान म्हणतो त्या बायकामुलांचा विचार केलेला तुरुंग बघायचा असेल तर विट्याहून आटपाडीला एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. परवानगी आधी काढा.

भाषण सात मिनिटांचे असेल तर ससाणा, पिके खाणारी हरणे आणि कूटदंताचे बी-बियाणे एवढेच घ्या. तेमिय नको, त्याला वेळ लागतो. आणि ससाण्याचे बोलणे म्हणताना आवाज वाकडा करू नका, त्याला पोट आहे.